नातवंडं, त्यांचे दोस्त आणि तुमचं शेत: सुट्टीतल्या घरगुती शिबिराची माहिती

सुट्टीत नातवंडं शेतावर येतात तेव्हा वेगळी तयारी लागत नाही. कोणती गाय शिंग उगारते, विहिरीच्या कोणत्या अंगाला फिरकायचं नाही, रात्री अंगणात उतरताना टॉर्च का घ्यायचा, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. पण "आजी, या वेळी माझे मित्र आणू का?" या प्रश्नाला तुम्ही हो म्हणालात की सगळं बदलतं. येणाऱ्यांपैकी काहींनी गोठा कधी पाहिलेला नसतो. त्यांच्या सवयी, दुखणी, भीती तुम्हाला माहीत नसतात. आणि ती दुसऱ्याची लेकरं असतात.

शेतावर असं शिबिर भरवणाऱ्या आजी-आजोबांना आम्ही मदत करतो. शेताची पाहणी, तंबू आणि अंथरुणं, प्रथमोपचाराची पेटी, पालकांकडून भरून घ्यायचे अर्ज आणि हवा असेल तर एक मदतनीस, एवढं आमच्याकडून मिळतं. शिबिर मात्र तुमचंच असतं, ते तसंच राहावं असं आम्हाला मनापासून वाटतं. आम्हाला बोलावण्याआधी काय ठरवायचं आणि काय पाहून ठेवायचं, ते इथे लिहिलं आहे.

किती मुलं बोलवायची

पहिल्या वर्षी जितकी नातवंडं तितकेच मित्र, त्याहून जास्त नकोत. मुक्कामी शिबिरांसाठी अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं प्रमाण असं आहे: 6 ते 8 वर्षांच्या सहा मुलांमागे एक मोठं माणूस, 9 ते 14 वर्षांच्या आठ मुलांमागे एक. शेतावर पाणी, जनावरं आणि यंत्रं असतात, म्हणून आम्ही याहून एक माणूस जास्तच धरायला सांगतो. स्वयंपाकात अडकलेली व्यक्ती या हिशेबात धरू नका. सत्तरीतल्या आजोबांना दिवसभर मुलांमागे धावायला लावणारा बेतही नको. दुपारी तुम्हाला आडवं व्हायला मिळालं पाहिजे, आणि त्या वेळी मुलांकडे कोण पाहणार हे आधी ठरलेलं हवं.

मुलांचे गट करताना वयं मिसळा. बेडन-पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काउटिंगचं पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं. त्यात वेगवेगळ्या घरांतली 20 मुलं चार टोळ्यांत विभागली होती आणि प्रत्येक टोळीला एक मोठा मुलगा प्रमुख होता. छोट्या शिबिरालाही ही रीत चांगली लागू पडते. मोठ्या मुलावर धाकट्यांची जबाबदारी टाकली की त्याचा आडदांडपणा बराच कमी होतो. सगळी भावंडं एकाच टोळीत ठेवू नका, नाहीतर पाहुणी मुलं कडेला बसून राहतात.

पालकांशी बोलणं

"काळजी करू नका, आमच्याच घरी आहे" एवढ्यावर भागत नाही. आमच्या अर्जात ॲलर्जी, दमा, चालू औषधं, धनुर्वाताची लस, पोहता येतं की नाही, झोपेत चालणं किंवा अंथरूण ओलं होणं, दोन फोन नंबर आणि मुलाला न्यायला कोण येणार, हे सगळं विचारलेलं असतं. अंथरुणाचा प्रश्न लोक संकोचाने टाळतात. तो जरूर विचारा. रात्री कोणालाही कळू न देता चादर बदलता आली तर त्या मुलाचं शिबिर वाचतं.

तुमच्याकडचं सगळंही त्यांना सांगा. शेततळं आहे, कुत्रा मोकळा असतो, फोनला रेंज कुठे मिळते, दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो. हे ऐकून एखाद्या पालकाने नाही म्हटलं तर ते वेळेवर कळलं असं समजा.

आणखी एक विनंती पालकांना जरूर करा: "करमलं नाही तर लगेच न्यायला येईन" असं वचन मुलाला देऊ नका. ते वचन मिळालेलं मूल पहिल्याच संध्याकाळपासून परतीची वाट बघू लागतं. घराची आठवण येणं साहजिक आहे, आणि ती बहुधा झोपायच्या वेळी येते. तेव्हा जवळ बसा, घरातल्या माणसांबद्दल विचारा, उद्या सकाळचं एखादं काम त्याच्यावर सोपवा.

शेताची फेरी

हा भाग आम्ही कधीच घाईत उरकत नाही. पाहणीला येतो तेव्हा मुलांच्या उंचीवर वाकून शेत बघतो. तुम्हाला रोजच्या सवयीने न दिसणाऱ्या गोष्टी तिथून दिसतात.

सगळ्यात आधी पाणी. विहिरीला कठडा आणि जाळी, शेततळ्याला कुंपण, हौदाला झाकण. बुडणारं मूल सहसा ओरडत नाही, हातही हलवत नाही, आणि लहान मुलाला बुडायला बोटभर खोल पाणी पुरतं. मुलं पाण्याजवळ असतील तर एकाच माणसाचं काम फक्त पाहणं असावं. हातात फोन नको, शेजारी गप्पा नकोत. दमल्यावर त्याने दुसऱ्याला नाव घेऊन सांगावं, "आता तू बघ." सगळे बघतायत असं ज्याला त्याला वाटतं, तेव्हाच कोणी बघत नसतं.

नंतर यंत्रं. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर नातवाला बसवून फिरवण्याची हौस पुष्कळ आजोबांना असते. ती आम्ही कळकळीने मोडायला सांगतो. ट्रॅक्टरवर सीट एक असेल तर माणूसही एकच. मागचा पीटीओ दांडा (जोडलेली अवजारं फिरवणारा) मिनिटाला 540 फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. सदऱ्याचं टोक त्यात अडकलं तर मागे सरायला वेळच मिळत नाही. कडबाकुट्टी, थ्रेशर आणि मोटारीची पेटी शिबिराच्या दिवसांत कुलपात ठेवा, ट्रॅक्टरची किल्ली तुमच्या खिशात.

फवारणीची औषधंही कुलपातच हवीत, आणि मूळ डब्यात. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलेलं औषध मुलांच्या जिवावर बेततं. शिबिराच्या आधी फवारणी करायचीच असेल तर पुन्हा शेतात शिरायला किती थांबायचं ते लेबलवर पाहा. सुट्या धान्याच्या कोठीवर किंवा राशीवर खेळू देऊ नका. खालून धान्य काढलं जात असेल तर मूल काही सेकंदांत आत खेचलं जातं.

जनावरांत वासरू झालेल्या गायीपासून सगळ्यांना लांब ठेवा, रोज दूध काढणाऱ्या नातीलासुद्धा. तिच्या मागे अनोळखी मुलं आली की गाय नेहमीसारखी वागेलच असं नाही. गोठ्यातून किंवा कोंबड्यांपासून आल्यावर साबणाने 20 सेकंद हात धुवायचे. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. पिल्लांचे पापे घेऊ देऊ नका, दिसायला निरोगी पिल्लांच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

दिवसभर काय करायचं

तासातासाचं वेळापत्रक करू नका, असं आम्ही आवर्जून सांगतो. शेताची कामं हेच वेळापत्रक. सकाळी पाणी पाजणं, अंडी गोळा करणं, रोपांना पाणी, संध्याकाळी जनावरं आत घेणं. काम खरं असावं. आपण केलं नसतं तर ते राहिलं असतं, हे मुलांना लगेच कळतं आणि ती मान वर करून काम करतात.

शिबिरात पिल्लं बाहेर येताना पाहायची असतील तर 21 दिवस मागे मोजून कोंबडी अंड्यांवर बसवा. साधारण सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरला की रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं. उशिरा बसवलेल्या चार अंड्यांवर मुलांना ते दाखवता येईल. बरणीत माती आणि पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयट्याला काही तास लागतात, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. आपल्या शेतात पाणी का साचतं किंवा का टिकत नाही, ते आजोबांनी त्या बरणीवर बोट ठेवून सांगावं. रात्री आकाश पाहायचं तर सगळे दिवे घालवून अर्धा तास थांबा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. टॉर्चला लाल कागद लावला तर ती सवय मोडत नाही.

ऊन, विजा, साप

दुपारचे तास सावलीत. तहान लागायची वाट न पाहता पाणी पाजत राहा. मूल असंबद्ध बोलू लागलं, अंग तापून लाल झालं, तर तो उष्माघात समजा: सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

गडगडाट ऐकू आला की सगळे पक्क्या घरात किंवा बंद गाडीत. तंबू, झाड आणि उघडी शेड यांचा उपयोग नाही. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडायचं नाही.

साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करू नका. मुलाला चालू देऊ नका, अंगठी किंवा कडं काढा, चावलेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवा आणि दवाखाना गाठा. सापामागे जाऊ नका. सापाच्या विषावरची लस कोणत्या दवाखान्यात आहे हे शिबिराआधी फोन करून विचारा, आणि तो नंबर दाराच्या आत चिकटवा.

तुमच्या नातवंडांची बाजू

याबद्दल पालकही बोलत नाहीत आणि आजी-आजोबाही. सगळ्या मुलांना सारखं वागवायचं म्हणून घरची नात मागे सारली जाते. तिची खाट पाहुणीला मिळते, तिची आजी आता सगळ्यांची आजी होते, आणि तिने हौसेने बोलावलेल्या मैत्रिणीला वासरू जास्त आवडायला लागतं. तिसऱ्या दिवशी ती विनाकारण भांडते. तेव्हा समजावण्याआधी तिला एकटीला बरोबर घ्या, मळ्यापर्यंत चालून या. रोजचं एखादं छोटं काम फक्त तुमचं आणि नातवंडांचं असू द्या. पाहुण्या मुलांनाही यात अन्याय वाटत नाही, त्यांच्याही घरी आजी असते.

पाहणीसाठी आम्हाला शिबिराच्या किमान तीन आठवडे आधी कळवा. कुंपण घालायला आणि विहिरीची जाळी करून घ्यायला तेवढा वेळ लागतोच. पाण्याला आडोसा नसेल तर आम्ही तंबू देत नाही, तारीख पुढे ढकलायला सांगतो. पाहणीच्या दिवशी शेतावर राबणारा गडी किंवा शेजारी घरी असेल असं बघा, कारण कोणत्या बांधावर साप दिसतात आणि कोणता हौद गळतो, हे त्यांनाच नेमकं माहीत असतं.