पुनरावलोकन सुधारले म्हणजे आधीचे खोटे ठरत नाही

कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रसूतीविषयक पुनरावलोकन (एखाद्या उपचारावरच्या सर्व चाचण्या एकत्र तोलून काढलेला निष्कर्ष) सुधारले की ‘आधीचे खोटे होते’ असा जो समज पसरतो, तो निराधार आहे. अकाली प्रसूतीची शक्यता असलेल्या मातेला दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड इंजेक्शनचेच पाहा. १९७२ मध्ये ऑकलंडच्या (न्यूझीलंड) लिगिन्स व हावी या डॉक्टरांची चाचणी प्रसिद्ध झाली आणि पुढच्या चाचण्या एकत्र तोलल्यावर नवजात मृत्यू घटतात हे दिसले. पण बहुतेक चाचण्या संपन्न देशांतल्या, हा आक्षेप रास्तच होता. २०१५ च्या, याच इंजेक्शनवरच्या ‘ॲक्ट’ नावाच्या चाचणीत (सहा देश, त्यांत आपले नागपूरही) एकूण नवजात मृत्यू उलट वाढलेले आढळले. तेथे सोनोग्राफीने गर्भाचे वय नेमके ठरवण्याची सोय अनेक ठिकाणी नव्हती, त्यामुळे दिवस भरून बाळंत झालेल्या कित्येक स्त्रियांनाही इंजेक्शन मिळाले होते. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, सोनोग्राफीने वय निश्चित करून चाचणी घेतली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूचे प्रमाण औषधाविना नुसतेच इंजेक्शन मिळालेल्या गटात २३.५ टक्के, तर स्टेरॉइड मिळालेल्या गटात १९.६ टक्के होते. मूळ निष्कर्ष पुसला गेला नाही, तो कोठे व कोणत्या तयारीनिशी लागू होतो ते स्पष्ट झाले. वाचकांचे आक्षेप आणि लेखकांची उत्तरे पुनरावलोकनासोबतच छापण्याची सोयही कॉक्रेनने याचसाठी ठेवली आहे.