फुग्यावर साचलेली लाळ

सोलापुरात मोठ्या दवाखान्याच्या आयसीयूबाहेर बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून आलेले नातेवाईक चादरी अंथरून बसलेले असतात. भेटीला आत गेले की एक विनंती हमखास होते, "सिस्टर, मान अवघडली असेल हो, खाट जरा सपाट करा की." व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला न्यूमोनिया होऊ नये म्हणून खाट उशाकडून उचललेली असते, हे त्यांना कुणीतरी दोन मिनिटं काढून सांगायलाच हवं.

एरवी पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेनं गेला की जोराचा ठसका लागतो. फुप्फुसांची ती राखण आहे. व्हेंटिलेटरची नळी तोंडातून श्वासनलिकेत उतरली की मधलं दार उघडंच राहतं आणि गुंगीच्या औषधांनी खोकलाही दबतो. नळीच्या खालच्या टोकाला बाहेरून एक छोटा फुगा असतो. तो सैल राहिला तर लाळ खाली झिरपते, फार ताणला तर श्वासनलिकेच्या अस्तराला रक्त पोचत नाही. म्हणून त्यातला दाब मोजून २० ते ३० सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका ठेवतात. तरीही फुग्याच्या बारीक सुरकुत्यांतून वर साचलेली लाळ थोडीथोडी उतरतेच, आणि तिच्यासोबत तोंडातले, जठरातून वर आलेले जंतूही. नळीच्या आतही त्यांचा बुळबुळीत थर धरतो, न घासलेल्या रांजणात धरतो तसा.

नळी घातल्यावर ४८ तास उलटून गेल्यानंतर होणारा न्यूमोनिया तो हा. ताप चढतो, नळीतून घट्ट, पिवळट बेडका येऊ लागतो, ऑक्सिजन वाढवावा लागतो, एक्स-रेत नवा पांढरा डाग दिसतो. आपल्याकडे यामागे बऱ्याचदा क्लेब्सिएला किंवा ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू निघतात, आणि त्यांच्यापुढे अनेक अँटिबायोटिक्स निकामी ठरतात. म्हणून तो होऊच न देणं महत्त्वाचं.

त्यासाठी जठरातलं वर येऊ नये म्हणून उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, मऊ ब्रशनं दात घासणं, प्रत्येक वेळी हात धुणं. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते नळी लवकर काढणं. त्यासाठी, प्रकृती साथ देत असेल तर, रोज गुंगी कमी करून रुग्ण स्वतः श्वास घेतो का ते बघतात. तेव्हा तो चुळबुळतो, हात झटकतो. घरच्यांचा जीव तुटतो, "झोपू द्या की त्यांना," म्हणतात. त्या चुळबुळीतूनच कळतं, नळी आज निघेल की उद्या.

नळी निघाल्यावर आवाज घोगरा असतो. पण रुग्ण आधी जोरात खोकतो, आणि सिस्टर म्हणतात, "खोका आजोबा, अजून खोका."