तेल लावून येऊ नका: मेंदूच्या लहरी, एआय आणि जुळे सोलापुरातली आमची खोली

दोस्ताने आणि मी जुळे सोलापूरला एक खोली भाड्याने घेतली, ईईजी, म्हणजे टाळूला तारा लावून काढलेला मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, वाचणारं एआय बनवायचं ठरवलं, आणि तेव्हापासून घरीदारी एकच प्रश्न सुरू आहे, "म्हणजे मनातलं कळतं का हो?" मामा तर म्हणाला पहिलं मशीन माझ्या व्याह्याच्या डोक्याला लाव. पुण्याच्या एका इन्व्हेस्टरनेही तेच विचारलं, फक्त जरा टायबिय लावून, "विचार वाचतं असं पिच डेकमधे, म्हणजे पैसे मागायच्या स्लाइडमधे टाका, मग बोलू". आम्ही टाकलं नाही, पैसे आले नाहीत. पण गंमत अशी की या सगळ्या प्रकाराची सुरुवातच त्या प्रश्नापासून झालीय, म्हणून मागची गोष्ट एकदा नीट सांगतो.

मेंदूत वीज असते हे 1875 साली रिचर्ड केटन नावाच्या लिव्हरपूलच्या डॉक्टरने सांगितलं. सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूला तारा लावून त्याने गॅल्व्हनोमीटरचा, म्हणजे वीज मोजायच्या यंत्राचा, काटा हलताना पाहिला. आपल्या सोलापुरातली जुनी मिल ही कापडगिरणी 1877 ची, म्हणजे विषय साधारण तेवढा जुना आहे. त्यावेळी फार कुणी लक्ष दिलं नाही.

खरी गोष्ट हान्स बर्गरची. हा जर्मन माणूस तरुणपणी सैन्यात प्रशिक्षण घेत होता, घोड्यावरून पडला, तोफेच्या गाड्याखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी घरून वडलांची तार, बरा आहेस ना म्हणून, कारण बहिणीला अचानक वाटलं होतं की भावाचं काहीतरी बिनसलंय. आपल्याकडे असं झालं असतं तर आईने मीठमोहरी ओवाळून टाकली असती आणि विषय संपला असता, बर्गरचा मात्र आयुष्यभर संपला नाही. डोक्यातली कुठली तरी शक्ती बहिणीपर्यंत पोचली असणार आणि ती मोजता आली पाहिजे, हे डोक्यात घेऊन तो येना शहरात मानसोपचाराचा डॉक्टर झाला, दिवसभर पेशंट आणि उरलेल्या वेळात गुपचूप प्रयोग. 1924 साली कवटीचं ऑपरेशन झालेल्या 17 वर्षांच्या एका मुलावर त्याला पहिल्यांदा माणसाच्या मेंदूची लहर मिळाली. स्वतःचाच भरवसा बसेना, आपल्याच मुलाच्या डोक्याला तारा लावून बघितलं, आणि छापलं 1929 ला, पाच वर्षांनी. डोळे मिटले की सेकंदाला दहाच्या आसपास लहरी येतात आणि डोळे उघडले की गायब, ही अल्फा लहर त्याचीच. टेलिपथी काही सापडली नाही. माणूस म्हणून त्याचं फार कौतुक करू नये, नाझींच्या काळात सक्तीच्या नसबंदीचे निर्णय देणाऱ्या व्यवस्थेत तो होता, आणि 1941 साली त्याने आत्महत्या केली.

जर्मनीबाहेर लोकांनी ते आधी मनावर घेतलं नव्हतं. 1934 ला केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून बघितला, त्यातला एड्रियन आधीच नोबेलवाला, मग सगळ्यांना पटलं. आणि लगेच 1935 ला हार्वर्डच्या गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्सने दाखवलं की लहान मुलं बोलता बोलता काही सेकंद हरवल्यासारखी होतात त्या फिटमधे सेकंदाला तीन असा ठराविक नमुना उमटतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच आहे. शोधायला गेले मनातलं आणि सापडलं फेफऱ्याचं निदान. ज्या पोराला कांदा हुंगवायचे, चप्पल नाकाला लावायचे, त्याचा आजार कागदावर दिसायला लागला.

योगायोग बघा, 1924 सालीच आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं, योगाला प्रयोगशाळेत नेऊन मोजायचं म्हणून. पुढे 1961 ला दिल्लीच्या एम्समधे आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांचे ईईजी काढून छापले, त्यातल्या दोघांनी हात बर्फासारख्या गार पाण्यात धरून ठेवला तरी अल्फा लहर हलली नाही. आज डोक्याला बांधायच्या मेडिटेशनच्या पट्ट्या विकतात त्याची मूळं इथवर जातात, फक्त पट्टी विकणारे हे सांगत नाहीत.

1958 साली हर्बर्ट जॅस्परने इलेक्ट्रोड, म्हणजे लहर पकडणाऱ्या तारांच्या छोट्या वाट्या, कुठे लावायचे याचा नियम पक्का केला, नाकाच्या वरच्या खाचेपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत माप घ्यायचं आणि त्याच्या 10 नि 20 टक्क्यांवर खुणा करायच्या. आमचा टेक्निशियन आजही शिंप्याची टेप घेऊन तेच करतो, पेन्सिलीने टाळूवर ठिपके, ठिपक्यावर पेस्ट, पेस्टवर वाटी. वीस वर्षं झाली त्याला या कामात, आमच्या दोघांपेक्षा त्याला जास्त कळतं.

कॉम्प्युटर यात आला तो उशिरा. 1973 ला कॅलिफोर्नियात झाक व्हिदालने मेंदू आणि कॉम्प्युटर थेट जोडायची कल्पना मांडली, ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस हे नाव त्याचंच. 1988 ला फार्वेल आणि डोंचिन यांनी नुसत्या लहरींवरून स्क्रीनवरची अक्षरं निवडून दाखवली. अक्षर चमकलं की साधारण 300 मिलिसेकंदांनी एक उसळी येते ती पकडायची. वाचायला भारी, पण एका अक्षराला कितीतरी सेकंद लागायचे.

मनातलं वाचायची हौस मात्र गेली नाही. आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यातल्या एका खून खटल्यात 2008 साली आरोपीच्या ब्रेन मॅपिंगचा, म्हणजे मेंदूच्या लहरींवरून गुन्ह्याची आठवण शोधायच्या चाचणीचा, रिपोर्ट कोर्टाने पुराव्यात धरला, जगभर बोंबाबोंब झाली, आणि 2010 ला सेल्वी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की नार्को, पॉलीग्राफ, ब्रेन मॅपिंग यातलं काहीही माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. इन्व्हेस्टरला मी हा निकाल सांगितला तर तो म्हणे कन्सेंट फॉर्म घेऊ.

आता एआय. 2009 च्या आसपास खेळण्यातसुद्धा ईईजीचा सेन्सर आला, मग स्वस्त हेडसेट आले, ओपनबीसीआयसारखे ईईजीचे बोर्ड आले, ज्यांचं डिझाइन कुणालाही बघता येतं. 2012 नंतर फोटो ओळखणारी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारे प्रोग्राम, चालायला लागली तशी लोकांनी ती लहरींवरही लावली, 2018 ला छापलेलं ईईजीनेट नावाचं छोटंसं मॉडेल तर साध्या लॅपटॉपवर पळतं. डेटाही फुकट मिळतो. बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलमधली वीसेक पेशंटची रेकॉर्डिंग, त्यात फिट कुठे आली याच्या खुणांसकट, कुणीही उतरवून घेऊ शकतं. म्हणजे सोलापुरात बसून दोन पोरं हे करू शकतात ते एवढ्यामुळेच, आम्ही काही फार हुशार आहोत अशातला भाग नाही.

आणि करायचं कशाला, तर अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी, पलीकडे कर्नाटकातलं इंडी आणि आळंद, सगळीकडून माणसं दवाखान्यासाठी सोलापुरात येतात. ईईजी काढायला अर्धा तास, पण तो वाचणारा न्यूरॉलॉजिस्ट मोजकाच, तोवर पेशंट एसटीने परत गेलेला असतो. एआयने फक्त एवढंच सांगायचं की शंभर फायलींपैकी या दहा आधी बघा. निदान डॉक्टरच करणार. 2020 पासून असलं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या कायद्यात येतं, त्यामुळे ही कागदपत्रं वेगळीच, त्यावर लिहायला बसलो तर रात्र होईल.

अडचण कुठे आली सांगतो. मेंदूची लहर टाळूवर मिळते ती 10 ते 100 मायक्रोव्होल्ट, हृदयाच्या ईसीजीपेक्षा कितीतरी बारीक, आणि बाकी सगळं जग तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडतं. भिंतीतली लाईट 50 हर्ट्झची, अर्थिंग धड नसलं की पूर्ण पट्टा काळा. एप्रिल-मेमधे 42 डिग्रीला घाम आला की लाइन हळूहळू डोलायला लागते. आणि तेल! दारावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करा, तेल लावून येऊ नका, तरी निम्मी माणसं चोपडून येतात, कारण दवाखान्यात जायचं म्हणजे नीट भांग पाडूनच जायचं. इलेक्ट्रोड घसरतो, सिग्नल पडतो. बोस्टनच्या डेटात असलं खोबरेल तेल कुठलं?

पहिल्या महिन्यात मॉडेलने एका दोन वर्षांच्या पोराच्या फायलीत फिट दाखवली, ठसठशीत, एका लयीत, आम्ही दोघं खुर्चीतून उठलोच, पहिली केस पकडली म्हणून. टेक्निशियन चहा घेत होता. त्याने स्क्रीन बघितली, मग फाईलसोबतचा व्हिडिओ लावला आणि म्हणाला, "अबे, आजी थोपटलालीय की पोराला." खरंच, मांडीवर पोरगं, आणि म्हातारी सेकंदाला दोनदा पाठीवर थाप मारतेय.

आता प्रत्येक फायलीला एक जादा रकाना आहे. तेल, घाम, सुपारी चघळतो, थोपटणं चालू. तो रकाना टेक्निशियन भरतो, आणि त्याला आम्ही कंपनीत हिस्सा दिलाय.