पेनड्राइव्ह देण्याआधी एवढं वाचा
(शिक्षकांसाठी शैक्षणिक साहित्याचा ऑनलाइन संग्रह आमच्याकडून करून घेणाऱ्या शाळा व संस्थांसाठी)

"पेनड्राइव्ह देऊन महिना झाला, साइट कधी चालू होणार?" हा फोन जून-जुलैत आम्हाला सारखा येतो. खरं सांगायचं तर साइट उभी करणं हे आठवडाभराचं काम. सर्व्हर, शोधाची सोय, शिक्षकांचे लॉगिन, सगळं तेवढ्यात होतं. गाडी अडते ती पेनड्राइव्हपाशी.

त्यात 'नवीन फोल्डर (३)' असतं. आत 'स्कॅन००४७', 'गणित फायनल', 'गणित फायनल नवीन' आणि 'सरांनी पाठवलेलं'. उघडून पाहिलं तर अपूर्णांकांची कृतिपत्रिका. कुठल्या इयत्तेची? अपूर्णांक चौथीतही आहेत, पाचवीतही आणि सहावीतही. दोन फायनलपैकी खरी कोणती? आमचा ऑपरेटर यावर कितीही डोकं खाजवू दे, त्याला ते कळणार नाही. ज्या बाईंनी ती बनवली त्या एका नजरेत सांगतील. पण बाई तासावर असतात, मग निवडणुकीच्या कामावर, मग दिवाळीची सुट्टी लागते.

म्हणून फायलींबरोबर आम्ही एक तक्ता मागतो. रकाने सातच आहेत: शीर्षक, इयत्ता, विषय, घटक, अभ्यासक्रमाचं वर्ष, कोणी तयार केलं आणि वापराची परवानगी. ग्रंथालयवाले जगभर वापरतात त्या डब्लिन कोअर पद्धतीत १५ रकाने आहेत. आम्ही निम्म्यावर आणलेत, याहून कमी होणार नाहीत.

तक्ता ज्यांनी साहित्य केलं त्यांनीच भरायचा, आणि फाइल देतानाच. "आधी चढवून टाका, नावं नंतर घालू" असं ज्यांनी म्हटलं त्यांची नावं अजून घालायचीच आहेत. इयत्ता यादीतून निवडायची, हाताने लिहायची नाही. कारण एकाच शाळेतून '५वी', 'पाचवी', 'इ. ५' आणि 'फिफ्थ' असं चार तऱ्हेने येतं, आणि मग शोधणाऱ्याला चौथा हिस्साच सापडतो. वर्षाचा रकाना काहींना फालतू वाटतो. पहिलीचा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून बदलला, तेव्हा ज्यांनी वर्ष लिहिलं होतं त्यांचं जुनं साहित्य आम्ही एका झटक्यात वेगळं काढू शकलो. बाकीच्यांना एकेक फाइल उघडत बसावं लागलं.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर आधी युनिकोडमध्ये (संगणकाला अक्षरं ओळखता येतात त्या प्रमाण पद्धतीत) करून घ्या. छापील कागदावर फरक दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी तिथे मराठी अक्षरंच नसतात. 'अपूर्णांक' शोधाल तर काहीच हाती लागणार नाही. हे रूपांतर आम्हीही करून देतो. त्याचे पैसे पानामागे, वेगळे.

परवानगीवरून थोडे रुसवेफुगवे होतात. कुसुमाग्रज आपल्या नाशिकचे, त्यामुळे २७ फेब्रुवारी जवळ आली की त्यांच्या अख्ख्या कविता शाळाशाळांतून चढवायला येतात. त्यांचं निधन १९९९ चं. कायद्याने लेखकाचे हक्क (कॉपीराइट) मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात, म्हणजे २०५९ च्या अखेरपर्यंत. वर्गात कविता शिकवणं वेगळं, साइटवर सगळ्यांसाठी ठेवणं वेगळं. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कविता खुशाल द्या. बालभारतीच्या पुस्तकांची पानं आम्ही चढवत नाही, दुवा देतो. तुमच्या शिक्षकांनी स्वतः केलेल्या साहित्याला मात्र क्रिएटिव्ह कॉमन्सचा (आपलं काम इतरांना अटींवर मोफत वापरू देणाऱ्या तयार परवान्यांपैकी) 'श्रेय द्या, त्याच अटींवर वाटा' हा परवाना लावा असं आम्ही सुचवतो. दुसऱ्या शाळेने वापरलं तरी बाईंचं नाव त्यावर राहतं.

आता नेहमीचा प्रश्न: दीक्षा (शालेय साहित्याचं सरकारी ऑनलाइन व्यासपीठ) फुकट असताना हा खर्च कशाला? दीक्षा २०१७ पासून आहे, चांगली आहे, जरूर वापरा. आमच्या प्रत्येक संग्रहात तिचे दुवे असतात. पण सुरगाणा-पेठकडच्या शिक्षकाने कोकणा बोलणाऱ्या पोरांना प्रमाण मराठीकडे नेण्यासाठी केलेली शब्दपत्रं त्या शिक्षकाच्या मोबाइलमध्येच असतात. बदली झाली की तीही जातात. तुमचा संग्रह अशा साहित्यासाठी. त्या भागात रेंजची बोंब, म्हणून आम्ही प्रत्येक पीडीएफ हलकी करून चढवतो आणि व्हिडिओला छापील पर्याय मागतो.

वार्षिक देखभालीत बॅकअप, तुटलेल्या दुव्यांची तिमाही तपासणी आणि शिक्षकांसाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण येतं. देखभाल न घेणाऱ्यांनाही साइट पूर्ण त्यांच्या ताब्यात मिळते, पासवर्डसकट. आम्ही काही अडवून ठेवत नाही.

तक्त्याचा कोरा नमुना कोटेशनसोबत मिळेल. आधी एकाच इयत्तेच्या एकाच विषयाच्या वीसेक फायली भरून पाठवा. त्या तपासून आम्ही फोन करतो, मग बाकीचं. तक्ता नसलेला पेनड्राइव्ह घेऊ, पण रांगेत शेवटी लागेल आणि नावं घालण्याचा दर फाइलमागे आकारला जाईल.