देवनी मोरी: पाण्याखाली गेलेल्या स्तूपाची पार्श्वभूमी

बडोद्याहून नाथद्वाऱ्याला किंवा उदयपूरला निघालेली गाडी हिंमतनगर मागे पडलं की शामळाजीला थांबतेच. दर्शन होतं, चहा होतो, कुणीतरी मेश्वो नदीवरच्या धरणाकडे बोट दाखवतं आणि मंडळी पुढे निघतात. त्या तलावाच्या पाण्यात देवनी मोरीचा अख्खा बौद्ध महास्तूप आणि त्याला लागून असलेला विहार गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. याच बडोद्यातले लोक इजिप्तला जाऊन येतात आणि अबू सिंबेलचं देऊळ कापून डोंगरावर कसं चढवलं, याचं तासभर वर्णन करतात. ते योग्यच आहे. पण अबू सिंबेल आणि देवनी मोरी ही एकाच दशकाची गोष्ट आहे आणि दुसरीतला मोठा वाटा बडोद्याचा आहे.

बडोद्याच्या संस्थानी काळाबद्दल इथे फार लिहीत नाही. सयाजीराव महाराजांच्या परदेशवाऱ्या, कमाटीबागेतलं संग्रहालय, तिथली ममी हे सगळं आपल्या घराघरांत सांगून झालेलं आहे. 1930च्या दशकात संस्थानाने स्वतःचं पुरातत्त्व खातं उभं केलं, एवढं मात्र ध्यानात ठेवावं. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं आणि पाठोपाठ 1950 मध्ये तिथला पुरातत्त्व विभाग. पहिली मोठी कामं शहराच्या उंबऱ्यावरच झाली. विश्वामित्रीच्या काठी जुनं अंकोट्टक, म्हणजे आजचं अकोटा, खणून काढलं गेलं. अकोट्याच्या जैन ब्राँझमूर्ती तर जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहेत. दहा वर्षांत तयार झालेली ही माणसं 1960 मध्ये शामळाजीजवळच्या टेकाडावर पोहोचली.

त्या टेकाडाला गावकरी ‘भोज राजानो टेकरो’ म्हणत. भोजाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आत विटांचा स्तूप होता.

मेश्वोच्या धरणाचं काम 1959 मध्ये हाती घेतलं गेलं, तेव्हा गुजरात राज्य जन्मायचं होतं. द्वैभाषिक मुंबई राज्याची अखेरची वर्षं होती ती. सिंचनाची निकड खरी होती. हा कोरड्या टेकड्यांचा आदिवासी मुलूख. त्यामुळे धरण नको होतं असं मी म्हणणार नाही. पण ‘आधी खणून नोंद करा, मग पाणी येऊ द्या’ हा जो मार्ग निघाला, त्याच्याकडे आजवर निव्वळ तांत्रिक बाब म्हणून पाहिलं गेलं. खरं तर तो एक निर्णय होता. स्तूप जागेवर राहणार नाही, दुसरीकडेही उभा राहणार नाही, तो कागदावर आणि पेटाऱ्यांत राहील, असा त्याचा अर्थ. 1960 ते 1963 या काळात विद्यापीठाच्या तुकडीने तिथे उत्खनन केलं, 1966 मध्ये सविस्तर अहवाल छापला आणि 1971-72 पर्यंत धरण पुरं झालं. ज्यांनी खणलं त्यांना दोष देण्यासारखं यात काही नाही. पाण्याशी शर्यत लावून त्यांनी केलेलं काम आजही चोख वाटतं.

जे मिळालं ते असं. चौथऱ्यांवर उभा असलेला पक्क्या विटांचा स्तूप, त्याच्या बाजूंना अर्धस्तंभ, त्यांच्या माथ्यावर ग्रीक वळणाची पानं आणि कमानींच्या कोनाड्यांत बसवलेले भाजल्या मातीचे बुद्ध. दगडाची मूर्ती एकही नाही. बुद्ध ध्यानमुद्रेत, मिटत आलेल्या पापण्यांचे. काहींचे केस गांधारसारखे लाटालाटांचे, तर काहींचे पुढे गुप्तकाळात सर्वत्र दिसतात तसे गोल कुरळ्यांचे. दोन्ही तऱ्हा एकाच स्तूपावर. पेशावरकडची शैली आणि सारनाथची शैली यांच्यामधला टप्पा शोधणाऱ्या कलेतिहासकाराला याहून मोठं घबाड मिळणं कठीण.

आणि गाभ्यात अस्थिकरंडक. शिस्ट दगडाचा, गोल, झाकणाचा डबा. आत तांब्याची डबी, रेशमी वस्त्राचे अवशेष, मणी आणि एक छोटीशी सोन्याची कुपी. करंडकावर ब्राह्मी लिपीत संस्कृत लेख आहे. त्यात करंडकाला ‘दशबलशरीरनिलय’ म्हटलंय, म्हणजे बुद्धाच्या शरीरधातूंचं, अर्थात अस्थिअवशेषांचं घर. स्तूप बांधून घेणारे अग्निवर्मा आणि सुदर्शन हे भिक्षू, करंडक घडवणारा वराह, घडवून घेणारा महासेन भिक्षू, सगळ्यांची नावं त्यात आहेत. एवढी माणसं नावानिशी सांगणारा लेख क्वचित सापडतो. कारागिराचं नाव तर फारच क्वचित.

याच लेखात घोळही आहे. काळ दिलाय तो असा: कथिक राजांची 127 वर्षं झाली असता, भाद्रपदाच्या पाचव्या दिवशी, रुद्रसेन राजा असताना. हे ‘कथिक’ कोण, हे कुणालाच नक्की सांगता आलेलं नाही. आणि तेव्हा गुजरातेत राज्य करणाऱ्या पश्चिम क्षत्रप घराण्यात रुद्रसेन एकाहून अधिक होऊन गेले.

पहिला मार्ग शक संवताचा. क्षत्रपांचे लेख आणि नाणी शक संवतातच असतात. 127 हे शक वर्ष धरलं तर इसवी सन 205 येतं आणि तेव्हा गादीवर रुद्रसेन पहिला होताच. जसदणजवळच्या गढा गावचा त्याचा शिलालेख आहे. त्यातलं वर्ष 126 किंवा 127 असं वाचलं जातं. इतका सरळ मेळ बसत असताना दुसरं काही शोधायचंच कशाला, असा या बाजूचा सवाल आहे. अडचण एवढीच की मग कथिक म्हणजे क्षत्रपच मानावे लागतात, आणि स्वतःच्या इतर लेखांत त्यांनी ते नाव कधी लावलेलं दिसत नाही.

दुसरा मार्ग साधारण इसवी सन 248 पासून सुरू होणाऱ्या संवताचा, ज्याला पुढे कलचुरी-चेदी म्हणू लागले. त्या हिशेबाने 127 म्हणजे 375-76 आणि राजा रुद्रसेन तिसरा. उत्खनन करणाऱ्यांनी हाच काळ धरला. नाणी, अक्षरांचं वळण, लेखाची घोटीव संस्कृत आणि मूर्तींची घडण यांचा त्यांनी एकत्र विचार केला. कथिक नावाच्या घराण्याचा स्वतंत्र संवत असावा, असाही एक तिसरा तर्क आहे, पण तो तर्कच.

हा सुमारे 170 वर्षांचा फरक पंडितांपुरता राहत नाही. अजिंठ्याची दुसऱ्या टप्प्यातली लेणी पाचव्या शतकातली, म्हणजे या दोन्ही तारखांनंतरची. 205 धरलं तर गोल कुरळ्यांचा तो शांत बुद्ध गुप्तांच्या उदयाच्याही शतकभर आधी गुजरातेत भट्टीत भाजला जात होता, आणि ‘गुप्तशैली’ म्हणून शाळेत शिकवलेल्या गोष्टीची मांडणीच बदलते. 375 धरलं तर गुप्तांचा उदय झालेला असतो, पण गुजरात अजून क्षत्रपांचं असतं. म्हणजे ही कला गुप्तांकडून इकडे आली की इकडून तिकडे गेली, हा प्रश्न तेव्हाही उरतोच. मला स्वतःला चौथं शतक अधिक पटतं, कारण तिथे एका आकड्यावर नाही तर चार वेगळ्या पुराव्यांवर भिस्त आहे. पण परदेशातल्या काही नामवंत अभ्यासकांनी 205 चाच आग्रह धरलाय आणि तो खोडून काढता आलेला नाही.

खोडायचा कसा? इतर ठिकाणी असा वाद झाला की पुन्हा एक खड्डा घेतात, कोळशाचा नमुना काढतात, पाया कोणत्या थरावर बसलाय ते नव्याने तपासतात. इथे तो थर पाण्यात आहे. 1963 मध्ये जे टिपून ठेवलं तेवढ्यावरच हा निकाल लागायचा आहे. धरणाच्या निर्णयाची खरी किंमत मला इथे दिसते.

आता त्याच काळात इतरत्र काय चाललं होतं ते पाहू. नाईलवर आस्वानचं नवं धरण उभं राहत होतं आणि मार्च 1960 मध्ये युनेस्कोने नाईलकाठच्या नूबिया प्रदेशाच्या वारशासाठी जगाला हाक दिली. 1964 ते 1968 या काळात अबू सिंबेलची दोन्ही मंदिरं मोठमोठ्या चिऱ्यांत कापली, सुमारे 65 मीटर वर आणि 200 मीटर मागे नेऊन पुन्हा जोडली. पाठीमागे दिसतो तो डोंगर आतून काँक्रीटच्या घुमटाचा आहे. फिलेचं इसिस मंदिर शेजारच्या अगिलकिया बेटावर गेलं, डेबोडचं मंदिर माद्रिदला. जागतिक वारशाचा 1972 चा करार या मोहिमेच्या अनुभवातूनच निघाला. आपल्या पुरातत्त्व खात्याची तुकडीही तेव्हा नूबियात उत्खननाला गेली होती. म्हणजे एकाच सुमारास भारतीय हात नाईलकाठी बुडती गावं खणत होते आणि मेश्वोकाठीही.

इजिप्तइतका पैसा आपल्याकडे नव्हता, हे उत्तर नेहमी मिळतं. ते मान्य आहे, पण नागार्जुनकोंडा हे बौद्ध स्थळ आपल्याच देशात होतं. तिथेही कृष्णेवर धरण आलं, 1954 पासून सहा वर्षं उत्खनन झालं, महत्त्वाच्या काही वास्तू वीटवीट करून टेकडीच्या माथ्यावर पुन्हा रचल्या, बाकीच्यांच्या प्रतिकृती केल्या आणि 1966 मध्ये संग्रहालय उघडलं. आज प्रवासी तिथे लाँचने बेटावर जातो आणि काय गेलं, काय राहिलं हे डोळ्यांनी पाहतो. मेश्वोच्या तलावात तसं करण्याजोगी उंच जागा होती की नाही हा वेगळा विषय. पण काठावर एक प्रतिकृतीसुद्धा तेव्हा उभी राहिली नाही.

हा विषय गुजरातेत तिथेच संपला नाही. नर्मदा परिक्रमा करणाऱ्या मराठी माणसाला शूलपाणीची झाडी सांगावी लागत नाही. सरदार सरोवरात शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ गेलं आणि गोऱ्याला नवं बांधलं. पूजा चालू असलेल्या देवाला पर्यायी घर मिळालं, कारण त्याच्यामागे भाविक उभे होते. देवनी मोरीच्या बुद्धामागे 1960 मध्ये उभं राहायला आसपास कुणी नव्हतं. तुर्कस्तानात 2000 मध्ये झ्यूग्मा हे प्राचीन शहर धरणात बुडालं तेव्हा तिथली मोझेइक काढून गाझिआंतेपला स्वतंत्र संग्रहालय केलं, आणि आज लोक झ्यूग्मा पाहायला म्हणून त्या शहरात जातात.

बडोद्याचं हेच काम राहून गेलंय. करंडक आणि त्यातले शरीरधातू विद्यापीठाच्या ताब्यात सुरक्षित राहिले, 2010 मध्ये इथल्या आंतरराष्ट्रीय बौद्ध परिसंवादाला दलाई लामा आले, आणि शामळाजीजवळ नव्या भव्य स्तूपाची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. तो झाला तर चांगलंच. पण त्याआधी मूळ मातीचे बुद्ध, अर्धस्तंभांचे तुकडे, उत्खननाचे नकाशे आणि त्या लेखाचा ठसा एका दालनात एकत्र लावता येईल, आणि त्यासाठी शामळाजीला जागा शोधायचीही गरज नाही. कमाटीबागेतल्या संग्रहालयात शामळाजीच्या मातृकामूर्ती आधीपासूनच आहेत. त्यांच्या शेजारी देवनी मोरीचं दालन झालं, तर शाळेची सहल एका दुपारी दोन्ही पाहू शकेल.