आवडता सिनेमा आणि थोर सिनेमा : दोन प्रश्न, एकच गोंधळ

‘तुझा ऑल टाइम फेवरेट सिनेमा कोणता?’ असं पुण्यात विचारलं की समोरचा आधी तुमच्याकडे नीट बघून घेतो. विचारणारा फिल्म क्लबवाला दिसला तर उत्तर येतं सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’. विचारणारी मावशी असली तर ‘अशी ही बनवाबनवी’. माणूस तोच असतो आणि दोन्ही वेळा तो खरंच बोलत असतो. फक्त पहिल्या वेळी त्याने ‘थोर सिनेमा कोणता’ असा प्रश्न ऐकलेला असतो, दुसऱ्या वेळी ‘आवडता कोणता’ असा.

हा घोळ सगळीकडेच होतो, पण पुण्यात जरा जास्त, कारण या शहराला सिनेमाचा मान राखायची सवय लागली आहे. १९३३ साली सिनेमे काढणारी प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून इथे आली. तिच्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, म्हणजे आपलं अर्काइव्ह. उन्हाळ्यात होणारा फिल्म अॅप्रिसिएशनचा कोर्स केलेला एक तरी माणूस प्रत्येक कट्ट्यावर सापडतोच. त्याच्यासमोर ‘मला बनवाबनवी आवडतो’ म्हणताना लोक उगाच आवाज खाली आणतात. कशाला? त्यालाही तो पाठच असतो.

आधी आवडत्याचं बघू. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा. सचिन पिळगावकरांचं दिग्दर्शन, वसंत सबनीसांचे संवाद. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’ची. तो हिंदी सिनेमा आज कुणी आवर्जून लावत नाही, मराठी मात्र घराघरांत पाठ आहे. गोष्ट पुण्यातली. भाड्याने जागा हवी, घरमालकीणबाईंची अट अशी की जोडप्यांनाच देणार. मग दोघा पोरांनी साड्या नेसायच्या. ‘फक्त फॅमिलीला’ ही अट आजही या शहरातल्या भाड्याच्या जाहिरातींत असते, त्यामुळे सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाही या गोष्टीचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

पण नुसत्या ओळखीने सिनेमा आवडता होत नाही. त्यातला एक विनोद जवळून बघा. लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून उभा, अशोक सराफ ओळख करून देतात आणि घाईत बायकोला पुल्लिंगी करून टाकतात. अख्खं सोंग एका लिंगाच्या चुकीने उघडं पडायची वेळ येते. हसू त्या चुकीचं येतं, तसंच त्यानंतर सराफांच्या चेहऱ्यावर जी सावरासावर होते तिचंही. पहिल्यांदा आपण वाक्याला हसतो, दहाव्यांदा चेहऱ्याला. विसाव्यांदा शेजारी बसलेल्या माणसाला हसतो, कारण ते वाक्य यायच्या आधीच त्याला हसू फुटलेलं असतं.

आवडत्या सिनेमाची माझी कसोटी इथेच आहे. टीव्हीवर अर्ध्यातून लागलेला दिसला तरी तुम्ही रिमोट खाली ठेवता का? ठेवत असाल तर तो आवडता. थोर सिनेमा असा अर्ध्यातून बघवत नाही. त्याची बांधणी पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत गेल्याशिवाय हाती लागत नाही. ‘पथेर पांचाली’ कपड्यांना इस्त्री करता करता बघता येत नाही, बनवाबनवी येतो. यात कुणाचा कमीपणा नाही, बघण्याची पद्धतच वेगळी.

थोर सिनेमे ठरतात तुलनेने. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना प्रत्येकी दहा सिनेमे विचारतं. १९५२ साली पहिला आला ‘बायसिकल थीव्ज’. १९६२ ते २००२ अशा पाच फेऱ्या ‘सिटिझन केन’ अढळ होता. २०१२ मध्ये हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ वर गेला. २०२२ मध्ये सोळाशेहून जास्त मतदार होते आणि पहिली आली शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेची १९७५ ची ‘जान दिएलमान’. तीन तासांहून मोठा सिनेमा, एका विधवेचा घरातला दिनक्रम. ती बटाटे सोलते आणि कॅमेरा हलत नाही. सोलून होईपर्यंत आपणही स्वयंपाकघरातच उभे. मग एके दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि तेवढ्याने आपल्या पोटात गोळा येतो. घरकामाचा वेळ पडद्यावर न कापता दाखवता येतो आणि त्यातून ताण उभा करता येतो, हे या सिनेमाने दाखवलं. म्हणून तो थोर. शनिवारी रात्री तो कुणी सहज लावतं का? मी तरी लावत नाही. मजा म्हणजे ‘थोर’ कशाला म्हणायचं ते हे मासिक मतदारावरच सोडतं. म्हणजे त्या यादीतही कुणी ना कुणी आपला आवडता हळूच घुसडलेला असणारच.

तिसरी एक गोष्ट या दोघांत मिसळते, ती म्हणजे सरासरी. आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षक सिनेमांना गुण देतात, त्यावरून ठरणाऱ्या २५० सिनेमांच्या यादीत १९९४ चा ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ वर्षानुवर्षं वरच्या जागी दिसतो. थिएटरात तो फारसा चालला नव्हता. लोकांनी तो पाहिला तो व्हिडिओ कॅसेटवर आणि केबलवर, पुन्हा पुन्हा. त्या यादीत नुसती बेरीज-भागाकार नसतो. मोजकी मतं पडलेला सिनेमा उगाच वर जाऊ नये म्हणून मतांच्या संख्येचंही वजन धरतात. अशा यादीत वर तोच राहतो जो कुणालाच फारसा नावडत नाही. पण ‘कुणालाच नावडत नाही’ म्हणजे ‘कुणाचा तरी जीव की प्राण’ असं होत नाही. ‘माहेरची साडी’ (१९९१) बघताना ज्या बायका थिएटरात पदर ओले करून बाहेर पडल्या, त्यांचं मत कुठल्याच सरासरीत बसणार नाही. आणि त्याच सिनेमाची टिंगल करणारा भाचाही प्रत्येक घरात आहे.

आवड कशी जमते, याबद्दल मानसशास्त्राने दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या आहेत. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. दुसरं म्हणजे, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवणी सांगायला लावल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या फार निघतात. म्हणून तुमच्या काकांचा आवडता सिनेमा बहुतेक वेळा त्यांच्या कॉलेजच्या काळातला असतो आणि त्यावर वाद घालून उपयोग नसतो.

‘शोले’मध्ये हे सगळं एकत्र दिसतं. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला. त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये त्याला एकच पुरस्कार मिळाला, संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. सर्वोत्कृष्ट ठरला ‘दीवार’. पुढे नुसत्या संवादांच्या तबकड्या निघाल्या, त्या लाउडस्पीकरवर वाजल्या आणि सिनेमा न पाहिलेल्या पोरांनाही गब्बर पाठ झाला. २००५ मध्ये त्याच फिल्मफेअरने त्याला पन्नास वर्षांतला सर्वोत्कृष्ट सिनेमा म्हणून गौरवलं. सिनेमाची एक चौकटही दरम्यान बदलली नव्हती. लोकांनी त्याला इतकं बघितलं की परीक्षकांनाही पुन्हा बघावं लागलं. आवडीने थोरपणाला खेचून नेल्याचं याहून मोठं उदाहरण मला तरी आठवत नाही.

दोन्ही गुण सुरुवातीपासून एकत्र असलेले सिनेमे विरळा. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) त्यातला. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकाराम. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं आणि इकडे मुंबईत तो वर्षाहून जास्त चालला. समीक्षक त्याच्या साधेपणावर लिहितात, पण सामान्य प्रेक्षकाला लक्षात राहते ती जिजाई. गौरीबाईंनी केलेली. पोर आजारी पडल्यावर ती त्याला हाताला धरून देवळात नेते आणि विठोबाला सरळ फैलावर घेते, हातात चप्पल. नवरा अभंगात रमलेला, घरात दाणा नाही, मग देवाला जाब कोण विचारणार? हा प्रसंग अर्ध्यातून लागला तरी माणूस उभ्याउभ्या बघत राहतो, आणि नवऱ्याची भक्ती आणि बायकोचा संसार यांचं पारडं अख्ख्या सिनेमात कसं सांभाळलंय ते पहिल्यापासून बघितल्यावरच कळतं. माझ्या दोन्ही कसोट्यांना हा सिनेमा उतरतो. ‘आधी बीज एकले’ हा अभंग तर लोकांनी इतका आपला केला की तो तुकोबांचाच समजतात. लिहिलाय शांताराम आठवल्यांनी.

तेव्हा यादी मागायचीच असेल तर कशासाठी हवी ते आधी ठरवा. लग्नाच्या आदल्या रात्री हॉलमध्ये गाद्या पसरलेल्या आहेत, वीस पाहुणे जागे आहेत, तिथे जब्बार पटेलांचा ‘सामना’ लावून कुणाचंच भलं होणार नाही, ‘सामना’चं तर नाहीच. उलट सिनेमा शिकायला निघालेल्या पोराला नुसते आवडते सांगत बसलात तर त्याला तुमची कुंडली कळेल, सिनेमा कळायचा राहून जाईल. आणि कट्ट्यावर कुणी फेवरेट विचारलं, तर ‘आवडता विचारतोयस की थोर?’ असा उलटा प्रश्न टाका. पुण्यात उलट प्रश्नाचं कुणाला वाईट वाटत नाही.