सहाशे-सोळा: जुन्या गाड्यांच्या टायरचा घोळ आला कुठून

निपाणी, संकेश्वर किंवा चिकोडीच्या टायर दुकानात ‘सहाशे-सोळा आहे का?’ म्हणून विचारलं, तर पुढचा प्रश्न न करता टायर बाहेर येतो. टायर नवा असतो, आकडाही ६.००-१६ हाच असतो आणि जुन्या विलीज जीपच्या रिमवर तो बसतोही. पण असतो तो ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा. या उसाच्या पट्ट्यात जुन्या गाडीला चुकीचा टायर फार पटकन मिळतो, आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

६.०० म्हणजे टायरची इंचातली रुंदी, १६ म्हणजे रिमचा व्यास. टायर कोणत्या कामासाठी बनवला, याबद्दल आकडा एक अक्षर बोलत नाही. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरला तीन उंच सरळ पट्टे असतात, ते मऊ मातीत दिशा धरण्यासाठी. डांबरावर पाऊस असताना या पट्ट्यांना आडवी धार नसल्याने ब्रेक दाबला की चाक सरळ घसरत जातं. टायरच्या बाजूला वेगाचा संकेत छापलेला असतो: ‘ए६’ म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ‘ए८’ म्हणजे ४०. असा टायर घालून पुणे-बेंगळुरू हायवेवर ताशी ७० ने अर्धा तास गाडी पळवली, की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि वरचा रबर थर सुटू लागतो. आधी स्टिअरिंगला बारीक थरथर येते, मग टायरला एका जागी टेंगूळ दिसतं. टेंगूळ दिसलं की गाडी तिथंच थांबवायची.

दुसरा फसवा शब्द ‘प्लाय’, म्हणजे टायरच्या आतला दोऱ्याचा थर. ‘सिक्स प्लाय आहे, दणकट आहे’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. पूर्वी टायरमध्ये सुती दोऱ्याचे खरोखर तेवढे थर असत. नायलॉन आल्यावर कमी थरांत तेवढीच ताकद मिळू लागली, तरी आकडा राहिला. आज ‘६ पीआर’ (प्लाय रेटिंग) हे वजन पेलण्याचं माप आहे, थरांची मोजणी नाही. हलक्या जुन्या गाडीला जादा पीआरचा टायर घातला तर बाजू ताठ राहते, गाडी दगडासारखी आपटते आणि शॅकल, बुश हे स्प्रिंगचे सांधे लवकर जातात.

१९ इंची रिमच्या गाड्यांना तर शेजारीच सापळा. डनलॉप गाडीला, म्हणजे ऊस ओढणाऱ्या रबरी चाकांच्या बैलगाडीला, ६.००-१९, ७.००-१९ हे टायर लागतात. त्यांवर ‘एडीव्ही’ (अ‍ॅनिमल ड्रॉन व्हेइकल, म्हणजे जनावरानं ओढायची गाडी) ही अक्षरं असतात. १९३०-३१ च्या फोर्ड मॉडेल ए ला ४.७५-१९ लागतो. रिमचा आकडा जुळतो म्हणून बैलगाडीचा टायर चढवला, तर ढोबळ हिशेबाने व्यास २८.५ ऐवजी ३१ इंच होतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासतो, स्टेपनी तिच्या खोबणीत बसत नाही, मीटर ५० दाखवतं तेव्हा गाडी ५४ वर असते आणि चोर्ला घाटात दुसरा गिअर दम सोडतो. शिवाय तो टायर बैलाच्या चालीसाठी बनवलेला. ऑस्टिन सेव्हनला बुलेटचा ३.५०-१९ घालणारेही आहेत. मोटरसायकल वळताना कलते, मोटार कलत नाही, त्यामुळे गोल पाठीच्या त्या टायरवर वळणात आडवा जोर येतो आणि तो मुरडतो.

त्याआधीचा काळ थोडक्यात. सुरुवातीच्या गाड्यांवर ३०×३½ असा आकडा असे. त्यात ३० हा टायरचा बाहेरचा व्यास. दोन्ही बाजूंचे साडेतीन इंच वजा केले की रिम २३ इंची निघते. म्हणून फोर्ड मॉडेल टी ला ‘३० इंची रिम’ शोधणारा माणूस आयुष्यभर शोधत राहील. हे टायर रिमच्या वळलेल्या कडेत अडकतात आणि त्यांना ५५ ते ६० पौंड हवा लागते. कमी ठेवली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. नंतर फुगीर टायर आले आणि आकड्यातलं पहिलं स्थान रुंदीला मिळालं. फ्रेंच गाड्यांची तऱ्हा वेगळीच: जुन्या सिट्रोएनचा १६५-४०० यातले ४०० म्हणजे मिलिमीटर, १५.७५ इंच. त्यावर १६ इंची टायर सैल बसतो, १५ इंची चढतच नाही. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता, त्यामुळे भारतातले आयात-निर्बंध तिथं लागू नव्हते. घाट चढून आलेली युरोपीय गाडी हाती आली, तर आधी रिमवरचा शिक्का वाचावा, टायरवरचा नंतर.

या भागातल्या बहुतेक जुन्या गाड्यांचा संबंध मात्र दोनच आकड्यांशी आहे. अँबॅसडरचा ५.९०-१५ आणि फियाट-पद्मिनीचा ५.२०-१४. नंतरच्या मॉरिस मायनरलाही ५.२०-१४ चालतो, म्हणून पद्मिनी रस्त्यावर होती तोवर मायनरवाल्यांना चिंता नव्हती. पद्मिनी २००१ च्या सुमारास बंद झाली, अँबॅसडर २०१४ मध्ये. टॅक्सी थांबल्या, खप आटला, आणि दुकानांत लटकलेला ‘नवा’ टायर जुना होऊ लागला. बाजूच्या लंबगोलातले शेवटचे चार अंक वाचावेत: ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. तीनच अंक असले तर टायर २००० पूर्वीचा, फुकट दिला तरी घेऊ नये.

मग रेडियल, म्हणजे आतले दोरे तिरपे न जाता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाणारा आजचा टायर. ५.९०-१५ च्या जागी १६५/८० आर १५ बसवतात. १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. त्याचा व्यास रिमचे ३८१ अधिक दोन्ही बाजूंचे २६४, म्हणजे ६४५ मिलिमीटर. घेर सुमारे २०२६. मूळ टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकलावी, जमिनीवरचं अंतर मोजावं आणि ताडून पाहावं. वजनाखाली दोन-तीन टक्के कमीच भरतं. १९५/६५ आर १५ सहज मिळतो, पण त्याला किमान साडेपाच इंची रिम लागते. जुन्या अरुंद रिमवर तो मध्येच फुगतो आणि फक्त मधून झिजतो. एका अॅक्सलवर दोन जाती कधीच नकोत. दोनच रेडियल असतील तर ते मागे. पुढे रेडियल आणि मागे जुन्या पद्धतीचे, तिरप्या दोऱ्यांचे घातले, तर ओल्या वळणावर मागचा भाग आधी सुटतो.

खरी वादाची गोष्ट २०२० ची. २०११ पासून टायरला आयएसआय शिक्का सक्तीचा झालाच होता. तो मिळवायला परदेशी उत्पादकाला कारखान्याची तपासणी करून घ्यावी लागते, आणि जुन्या साच्यात मोजकेच टायर काढणारा त्या फंदात कशाला पडेल? त्यावर जून २०२० मध्ये मोटारींचे नवे टायर आयातीच्या ‘प्रतिबंधित’ यादीत गेले, परवाना लागतो. देशी कारखान्यांना संरक्षण हा हेतू समजण्यासारखा आहे. पण ४.७५-१९ चा मोटारीचा टायर मागणाऱ्याला पाच नग हवे असतात, आणि त्या पाच नगांनी कोणाच्या कारखान्याचं काय बिघडणार होतं, हे अधिसूचनेत शोधून सापडत नाही. परिणाम इतकाच, की परवान्याला कंटाळलेला मालक पुन्हा बैलगाडीच्या टायरकडे वळतो.

२०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा क्रमांक दिला. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. गाडी मूळ रूपात हवी, अशी अट आहे. रेडियल घातला तर मूळ रूप गेलं का, यावर बेळगाव-कोल्हापूरकडे बऱ्याच चर्चा झडतात. नियमात बदलांच्या संदर्भात चासी, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे, टायरचा नाही.

हा क्रमांक घेतलेली गाडी रोज चालवता येत नाही, ती उभीच राहते. नायलॉन टायर रात्रभरात खालून चपटा होतो आणि सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर थडथडतो. तापला की ठीक होतो. चार महिने उभा राहिला तर चपटेपणा कायमचा, म्हणून गाडी स्टँडवर उचलून ठेवतात. बसवताना तारेच्या चाकात स्पोकची टोकं कानशीने घासून त्यावर रबरी पट्टी लावावी, ट्यूबला टाल्क पावडर चोळावी, कडांना साबणाचं पाणी, ग्रीस नको. थोडी हवा भरून पूर्ण सोडावी आणि मग दुसऱ्यांदा भरावी. पहिल्याच दमात भरलेली ट्यूब आत घडी पडून राहते, आणि पंक्चर बरोबर त्या घडीवर होतं.